सूट-अधिकार व स्थगन-अधिकार (इंग्लंडच्या राजाचे)

पार्लमेंटने केलेला कायदा एखाद्या व्यक्तीला लागू न करण्याचा (सूट) किंवा सर्वांसाठीच थोपवून धरण्याचा (स्थगन) इंग्लंडच्या राजांनी सांगितलेला विशेषाधिकार. स्ट्यूअर्ट घराण्याचे राजे (सतरावे शतक) व पार्लमेंट यांच्या झगड्यातील सत्तेचा वाद आणि धर्माचा वाद याच मुद्द्यावर एकत्र आले.

सूट-अधिकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. पोपच्या आज्ञापत्रांतील ‘नॉन ऑब्स्टान्टे’ (अमुक नियम आड येत असला तरी) हे कलम हेन्री तिसऱ्याच्या कारकिर्दीत, साधारणतः तेराव्या शतकाच्या मध्यास, राजपत्रांत आले असे बहुधा मानले जाते. हे राजाच्या क्षमाधिकाराचेच विस्तारित रूप होय, असेही एक मत आहे. परंतु क्षमा गुन्ह्यानंतर मिळते आणि सूट गुन्ह्याआधी, हे पाहता पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. मुळातच पाप असलेल्या कृत्याला (उदा., खून) सूट देता येत नाही, केवळ कायद्याने निषिद्ध ठरविलेल्या कृत्याला देता येते, हा भेद पंधराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेला दिसतो. मद्यविक्रीच्या परवान्यावरून उद्भवलेल्या टॉमस विरुद्ध सॉरेल (१६७४) खटल्यात न्यायाधीश व्हॉन यांनी हा भेद गोंधळात टाकणारा ठरविला आणि सूट दिल्याने तिसऱ्या व्यक्तीच्या हक्काला बाध येतो का, ही कसोटी पुढे केली. याहून कूट प्रश्न शेरिफांविषयीच्या (परगण्यातील राजाचे अधिकारी) १४४४–४५ च्या कायद्याचा. शेरिफपद एका वर्षाहून अधिक काळ देणारे राजपत्र, त्यात ‘नॉन ऑब्स्टान्टे’ असले तरी, या कायद्याने रद्दबातल ठरत होते. तरीही हेन्री सातव्याच्या न्यायाधीशांनी अशी सूट वैध मानली, असा आधार पुढे वारंवार दिला गेला. जुन्या ‘इयर बुक्स’मधील (खटल्यांचे मध्ययुगीन अहवाल) नोंदीवरून एवढा स्पष्ट निर्णय निघत नाही, हा विरोधकांचा आक्षेप होता व तो सबळ आहे.

स्थगन-अधिकाराला एवढाही पूर्वाधार नव्हता. चार्ल्स दुसऱ्याने १६७२ मध्ये जाहीरनामा काढून धर्मविषयक दंडक कायदे (अधिकृत अँग्लिकन चर्चबाहेरच्यांना शिक्षा करणारे) स्थगित केले. पार्लमेंटच्या विरोधामुळे तो त्याला १६७३ मध्ये मागे घ्यावा लागला. त्याच वर्षी झालेल्या टेस्ट कायद्याने सरकारी पदाधिकाऱ्यांवर अँग्लिकन पद्धतीने प्रभुभोजनविधी घेण्याची सक्ती केली.

कॅथलिक राजा जेम्स दुसरा याने हाच कायदा बाजूला सारला. कॅथलिक असलेल्या सर एडवर्ड हेल्सला त्याने या कायद्यातून सूट देऊन पायदळाचे कर्नलपद दिले. हेल्सचाच गाडीवान आर्थर गॉडेन याने कायदाभंग उघड करणाऱ्या खबऱ्याला मिळणाऱ्या ५०० पौंडांसाठी धन्यावर दावा लावला. सूट वैध ठरवून घेण्यासाठी लावलेला हा दावा संगनमताचा होता. प्रतिकूल वाटणारे काही न्यायाधीश राजाने आधीच दूर केले होते. जून १६८६ मध्ये १२ पैकी ११ न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला. स्ट्रीट एकटे विरोधात राहिले. इंग्लंडचे कायदे राजाचे आहेत आणि सूट देण्याची निकड आहे की नाही हे ठरविणारा राजाच, असे सरन्यायाधीश हर्बर्ट यांचे प्रतिपादन होते. ते मान्य केले तर कोणत्याच कायद्याला अर्थ उरत नाही.

जेम्सने १६८७ मध्ये धर्मसहिष्णुतेचा जाहीरनामा काढून दंडक कायदे सरसकट स्थगित केले आणि १६८८ मध्ये तो पुन्हा काढून चर्चमध्ये वाचण्याचा हुकूम दिला. कँटरबरीचे आर्चबिशप सॅनक्रॉफ्ट व सहा बिशपांनी या हुकमाविरुद्ध अर्ज केला. त्यांच्यावर राजद्रोही बदनामीचा खटला भरण्यात आला. चार न्यायाधीशांत दोघे राजाच्या व दोघे बिशपांच्या बाजूने बोलले. ३० जून रोजी ज्यूरीने सर्वांना निर्दोष सोडले आणि त्याच दिवशी सात प्रमुख व्यक्तींनी जेम्सचा डच जावई ऑरेंजचा विल्यम याला हस्तक्षेपाचे निमंत्रण धाडले.

त्यानंतर झालेल्या बिल ऑफ राइट्सने (हक्कांचा कायदा, १६८९) पार्लमेंटच्या संमतीविना केलेले स्थगन बेकायदेशीर ठरविले. सूट मात्र ‘अलीकडे ज्या रीतीने वापरली गेली’ तेवढीच बेकायदेशीर म्हटली आहे. जुन्या सूटपत्रांवर अवलंबून असलेल्या मालमत्ता व सनदा धोक्यात येऊ नयेत, म्हणून हा सावध शब्दप्रयोग योजिलेला दिसतो. नव्या ‘नॉन ऑब्स्टान्टे’ सुटी मात्र, संबंधित कायद्यातच मुभा नसेल तर, यापुढे निरर्थक ठरल्या.

व्हिग (पार्लमेंटच्या वर्चस्वाचा कैवार घेणाऱ्या) परंपरेतील इतिहासकार जेम्सच्या सहिष्णुतेला निव्वळ बतावणी मानतात. क्वेकर या प्रॉटेस्टंट भिन्नमतवादी पंथाचा पुढारी विल्यम पेन याचा तिला असलेला पाठिंबा पाहता हे मत एकांगी वाटते. जेम्सने देऊ केलेली मोकळीक पार्लमेंटच्या १६८९ च्या सहिष्णुता कायद्याहून व्यापक होती. या कायद्याने प्रॉटेस्टंट भिन्नमतवाद्यांना उपासनेची सवलत दिली, कॅथलिकांना वगळले. कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याची मुभा १८२९ मध्ये मिळाली.