अॅल्युमिनियमला फीड जितका कमी तितकी फिनिश भारी? थोडं थांबा

वर्कशॉपमध्ये आणि ग्रुपवर कायम फिरणारी गोष्ट: मिलिंग करताना अॅल्युमिनियमवर आरशासारखी फिनिश हवी तर फीड, म्हणजे कटर पुढे सरकण्याचा वेग, एकदम कमी करा.

यात थोडं खरं आहेच, फीड कमी केला की कटरच्या खुणा जवळजवळ येतात आणि पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, म्हणून तर हे सगळ्यांना पटतं. पण एका मर्यादेखाली दाताला कापायला पुरेसं मटेरियलच मिळत नाही, मग तो कापायचं सोडून घासतो, घासलं की तापतं आणि अॅल्युमिनियम मऊ असल्याने धारेला चिकटतं, तेच चिकटलेलं पुढे जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, ओरखडे काढतं.

हिशोब करून बघा. १० मिमीचा ३ दातांचा कार्बाइड एंडमिल (मिलिंगचा कटर), ८००० आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे मिनिटाला ८००० × ३ = २४००० दात. फीड मिनिटाला २०० मिमी ठेवला तर २०० भागिले २४०००, म्हणजे एका दाताला जेमतेम ०.००८ मिमी! तोच १२०० ठेवला की ०.०५ मिमी, आता दात नीट कापतो.

विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. एकाच तुकड्यावर आरपीएम आणि कटची खोली तीच ठेवून दोन पास मारा, एक २०० ने आणि एक १२०० ने. चिप, म्हणजे कापून निघणारा धातू, बघा, भुगा पडतोय की स्वच्छ वळलेली चिप, मग स्पिंडल (कटर फिरवणारा भाग) पूर्ण थांबल्यावर पृष्ठभागावर नख फिरवा आणि भिंगातून धार बघा, काही चिकटलंय का. कूलंट मात्र दोन्ही वेळा सारखाच सोडा, नाहीतर फरक कशाने पडला तेच कळणार नाही.