‘अमेरिकेला नेल्याशिवाय इलाज नाही’ हे खरे नव्हे
अप्लास्टिक ॲनिमियात अस्थिमज्जा रक्तपेशी बनवणे जवळजवळ थांबवते, आणि मग रुग्णाला अमेरिकेला नेण्यासाठी कुळागर (सुपारी-नारळाची बाग) विकण्याची भाषा सुरू होते. वास्तविक यावरचा उपाय असलेले अस्थिमज्जा प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा रुग्णालयात १९८३ पासून आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९८६ पासून होत असून, अमेरिकेत ज्यासाठी लाखो डॉलर मोजावे लागतात ते इथे काही लाख रुपयांत होऊ शकते. पेशी देणाऱ्या सख्ख्या भावंडाशी जुळणी होण्याची शक्यता चारात एक. ती न झाल्यास एटीजी आणि सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आहेत. (प्रत्यारोपण म्हणजे हाडाची चिरफाड नव्हे, सलाइनसारखी पिशवी टांगून पेशी शिरेवाटे सोडतात.) म्हणून आधी बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात), गोवा सरकारच्या मेडिक्लेम योजनेची चौकशी करावी.