मॉनिटरचं कॅलिब्रेशन आणि कागदाचं प्रोफाइल: गल्लत नेमकी कुठे होते

‘मॉनिटर तर मागच्याच आठवड्यात कॅलिब्रेट केला, मग प्रिंट अशी कशी आली?’ घरच्या इंकजेटवर फोटो छापणाऱ्याच्या तोंडी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. घोळ प्रश्नातच आहे. चष्मा पुसला म्हणून अक्षर सुधारत नाही. मॉनिटर नीट केला की आपल्याला फाइल खरी दिसते, तीवरचं काम डोळसपणे होतं. पण ती फाइल मिळाल्यावर प्रिंटर कुठल्या कागदावर किती शाई सोडणार, हे मॉनिटरला विचारून ठरत नाही.

गल्लत व्हायला कारणही तसंच आहे. दोन्हीकडे शेवटी हातात येते ती आयसीसी प्रोफाइल नावाची एक छोटी फाइल. रंगांची ही सामाईक भाषा १९९३ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवली आणि तिच्यात मॉनिटर, स्कॅनर, प्रिंटर सगळ्यांची वर्णनं एकाच साच्यात लिहिली जातात. विंडोजमध्ये तर ती सगळी एकाच फोल्डरात शेजारी शेजारी पडलेली असतात. त्यामुळे प्रिंटरच्या यादीत चुकून मॉनिटरचंच प्रोफाइल निवडणारे कमी नाहीत.

आधी शब्दांपुरता फरक. कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राला ठरलेल्या स्थितीत आणून बसवणं. प्रोफाइल म्हणजे त्या स्थितीत ते यंत्र रंग कसे दाखवतं किंवा छापतं याची नोंद. एक दुरुस्ती, दुसरं वर्णन. मॉनिटरच्या बाबतीत दोन्ही एकाच बैठकीत उरकतात, म्हणून ती एकच वाटतात. डबीएवढा कलरिमीटर, म्हणजे रंग मोजणारं उपकरण, पडद्यावर टेकवायचा, ब्राइटनेस ठरलेल्या आकड्यावर आणायचा, पांढरा बहुधा ६५०० केल्व्हिन, गॅमा (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा किती उजळत जातात ते) २.२. मग सॉफ्टवेअर एकामागून एक रंग दाखवतं, मोजतं आणि प्रोफाइल लिहून टाकतं.

घरच्या इंकजेटमध्ये आपल्या हाती कॅलिब्रेशन असं जवळजवळ नसतंच. नोझल चेक (शाईची छिद्रं तुंबलीत का ते बघणं) आणि हेड अलाइनमेंट (शाई सोडणारं हेड सरळ जुळवणं) एवढीच काय ती डागडुजी. खरं काम असतं ते प्रोफाइलचं, आणि ते एकट्या प्रिंटरचं नसतं. प्रिंटर, शाई, कागद आणि ड्रायव्हरमध्ये, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, निवडलेला ‘मीडिया टाइप’ (कागदाचा प्रकार) या चौकडीचं ते वर्णन असतं. यातलं एक जरी बदललं तरी प्रोफाइल दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. मीडिया टाइपकडे लोक सर्रास दुर्लक्ष करतात, पण किती शाई सोडायची हे तोच ठरवतो. ग्लॉसीचं प्रोफाइल लावून मीडिया टाइप ‘प्लेन पेपर’ ठेवला, तर सगळी मेहनत पाण्यात.

हे प्रोफाइल करतात कसं? रंगीत चौकोनांचा तक्ता, बहुधा काहीशे चौकोनांचा, रंगव्यवस्थापन, म्हणजे प्रोफाइलनुसार रंग बदलायची सोय, पूर्ण बंद ठेवून छापायचा. शाई नीट वाळू द्यायची, शक्यतो एक दिवस. मग एकेक चौकोन स्पेक्ट्रोफोटोमीटरनं वाचायचा. मॉनिटरसाठी घेतलेला साधा कलरिमीटर इथे चालत नाही, कारण पडद्याला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. कागद वाचणाऱ्या उपकरणाला उजेडही सोबत आणावा लागतो. एवढा खटाटोप नको असेल तर बरेच फोटो पेपर बनवणारे प्रचलित प्रिंटरांसाठी तयार प्रोफाइल मोफत देतात. सोबत कुठला मीडिया टाइप निवडायचा ते सांगणारी चिठ्ठी असते. ती चिठ्ठी प्रोफाइलइतकीच महत्त्वाची. आणि ते प्रोफाइल प्रिंटरच्या मूळ शाईसाठी असतं. बाहेरची शाई भरलीत की ते तुमचं राहिलं नाही.

आता माझी फजिती. एका कृष्णधवल फोटोतली राखाडी भिंत गुलाबी छापून आली. मॉनिटरवर भिंत स्वच्छ राखाडी, त्यामुळे मी दोष शाईला दिला आणि दोन-तीनदा हेड क्लीनिंग करून बरीच शाई वाया घालवली. चूक साधी होती. फोटोच्या प्रोग्रामनं कागदाच्या प्रोफाइलनुसार रंग बदलून दिले होते आणि ड्रायव्हरनं त्यावर पुन्हा आपली दुरुस्ती चढवली होती. दोघांनी एकाच भाजीत मीठ घालावं तसा प्रकार. रंग बदलायचं काम एकालाच द्यायचं. प्रोग्रामला दिलं तर ड्रायव्हरमध्ये जाऊन ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ किंवा तशाच अर्थाचा पर्याय निवडायचा. हा पर्याय ड्रायव्हरच्या पोटात कुठेतरी दडलेला असतो आणि अपडेटनंतर कधी कधी मूळपदावर जातो, म्हणून मी छापताना दर वेळी तो डोळ्यांनी तपासतो.

उलट तक्रार ‘रंग ठीक आहेत, पण प्रिंट काळपट आली’ अशी असेल, तर प्रोफाइलवर आळ घेऊ नका. तिथे बहुतेक वेळा गुन्हेगार मॉनिटर असतो. खोक्यातून काढलेला पडदा फार प्रखर असतो. त्यावर फोटो उजळ भासतो, म्हणून आपण फाइल गडद ठेवतो. छपाईसाठी ब्राइटनेस साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर पुरतो. उपकरण नसेल तर पडद्यावर कोरी पांढरी खिडकी उघडा, शेजारी ज्या दिव्याखाली प्रिंट बघणार त्याच दिव्याखाली कोरा फोटो पेपर धरा आणि दोन्ही पांढरे सारखे उजळ दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. ढोबळ आहे, पण उपयोगी. आडवे पट्टे येत असतील तर मात्र यातलं काहीच नको, नोझल चेक करा.

दोन्ही प्रोफाइलं एकत्र राबतात ती सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे प्रिंट कशी येईल याची छापण्याआधी पडद्यावर दिसणाऱ्या झलकीत. कागदाचं प्रोफाइल सांगतं छपाईत काय उतरेल, मॉनिटरचं प्रोफाइल ते पडद्यावर खरं दाखवतं. एक खोटं असेल तर प्रूफही खोटं. कागदाचा रंग दाखवायचा पर्याय चालू केला की फोटो एकदम मरगळल्यासारखा दिसतो. घाबरू नका, चालू करताना क्षणभर नजर दुसरीकडे ठेवा. मॅट कागदाचा काळा ग्लॉसीइतका गडद होत नाही आणि तेच तिथे दिसतंय. प्रूफ बघत सावल्या थोड्या उचलल्या, तर छापील फोटोत केसांची रेघ अन् रेघ सुटी राहते.

प्रत्येक चाचणी प्रिंटच्या मागे मी पेन्सिलीनं कागद, मीडिया टाइप, प्रोफाइल आणि तारीख लिहितो. निवाडा दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी करतो. ओल्या प्रिंटवरून रंग ठरवून फाइल बदलली की दोन्ही प्रोफाइलं बरोबर असूनही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.