सेल्सिअसचा मूळ शून्य उकळत्या पाण्याचा

पाणी ० अंशाला गोठते, १०० ला उकळते, ही मांडणी खुद्द अँडर्स सेल्सिअस यांची, असे सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. १७४२ मध्ये या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने उकळबिंदूला ० आणि गोठणबिंदूला १०० दिले होते! १७४४ मध्ये ते वारले. आजची उलट मांडणी पुढे रूढ झाली.

म्हणून जुन्या नोंदींत मोठा आकडा म्हणजे जास्त उष्णता, असे मुळीच गृहीत धरू नये. रशियात अठराव्या शतकात वापरात असलेल्या डेलिल तापमापनातही उकळते पाणी ०, गोठणारे १५०. सेल्सिअस हवे असेल, तर डेलिल आकड्याला दीडने भागून उत्तर १०० मधून वजा करायचे: १२० डेलिल म्हणजे २० अंश सेल्सिअस. गोठणाऱ्या पाण्याला ० आणि उकळत्याला ८० देणारे रोमूर मापन मात्र सरळ आहे, त्याची सव्वापट केली की झाले.