नाक कोरडं आहे की गं! पडद्यावरच्या रडण्याची पार्श्वभूमी

मालिकेत कुणी रडायला लागलं की बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडीकडची माझी आत्या टीव्हीचा आवाज बंद करायला लावते आणि नुसता चेहरा बघते. लगेच निकाल येतो : "नाक कोरडं आहे की गं तिचं. खोटं रडूलालीय."

निकष अगदी शास्त्राला धरून आहे. डोळ्यांतलं जादा पाणी अश्रुनलिकेतून नाकात उतरतं, म्हणून खरं रडणारा माणूस नाक ओढतो, त्याचा आवाज जड होतो, नाकाचा शेंडा लाल होतो. गालावर लावलेलं ग्लिसरीन नाकात जात नाही. ते दाट असतं, सावकाश ओघळतं आणि दिव्याखाली जरा जास्तच चकाकतं.

आत्याची नजर तयार झाली ती मयतीच्या घरांत. आमच्याकडे बायका गळ्यात पडून हेल काढून रडतात. त्या रडण्याला चाल असते आणि शब्दही असतात : गेलेल्याचे गुण, अर्धवट राहिलेलं काम, दावणीच्या म्हशीला आता वैरण कोण टाकणार. शेजारच्या कानडी घरात तेच कानडीत चालतं. मोहरमला रिवायतीची पदं होतात, करबलाच्या शोकाची, कानडीतली. म्हणणाऱ्यांत हिंदूही असतात. इथल्या माणसाला चालीवरचं रडणं परकं नाही. ते खरं कधी आणि रीत म्हणून कधी, हेही त्याला लहानपणापासून कळतं.

रंगभूमीलाही ही चाल सोयीची पडली. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ पाहिल्यावर विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. त्याच साली जन्मलेले अण्णासाहेब किर्लोस्कर तर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांचं 'संगीत शाकुंतल' 1880 मध्ये पुण्यात रंगभूमीवर आलं. चौथ्या अंकात शकुंतला सासरी निघते आणि रानात राहणाऱ्या कण्वाचाही कंठ दाटतो; म्हणजे आपल्याकडची पाठवणीच. पण त्या काळच्या दिव्यांत शेवटच्या रांगेला डोळ्यांतलं पाणी कुठून दिसणार? दुःख पोचवायचं तर गळ्यातूनच. 1919 साली 'एकच प्याला'त बालगंधर्वांची सिंधू, दारुड्याची बायको, फाटक्या लुगड्यात उभी राहिली, तीही पदांतूनच रडली, आणि लोक ढसाढसा रडले.

नटाला आतून रडू यावं की नाही, हा वाद तर फारच जुना. भरतमुनीच्या नाट्यशास्त्रानं अश्रू आठ सात्त्विक भावांत, म्हणजे मनातलं अंगावर उमटतं त्या खुणांत, घातले, स्तंभ, स्वेद, रोमांचाच्या पंगतीत. ज्याला दुःख नाही तो रडण्याचं दुःख दाखवणार कसं, असा भरताचा सवाल. फ्रान्समधल्या दिदरो नावाच्या लेखकानं अठराव्या शतकात उलटं मांडलं : नट स्वतः थंड असेल तरच तो रोज, नेमका, प्रेक्षकाला रडवील. मला वाटतं, दोघांनाही कॅमेरा भेटला नव्हता.

1932 साली कोल्हापूरच्या प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला आणि मराठी बोलपट सुरू झाला. सुरुवातीला बोलपटात रडणंही नाटकातलंच राहिलं : मान वर, हात कपाळाला, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. पण आता शेवटची रांग उरलीच नव्हती. चेहरा भिंतीएवढा झाला, मायक्रोफोनला अडखळलेला श्वास ऐकू येऊ लागला. खालच्या पापणीत पाणी साठतं, थरथरतं, सांडत नाही, तेवढ्यानं थेटर गप्प होऊ लागलं.

इतक्या जवळून खोटं रडण्यातली अडचण डार्विननं 1872 मध्येच लिहून ठेवली होती. खऱ्या दुःखात भुवयांची आतली टोकं वर चढतात, कपाळाच्या मधोमध आठ्या पडतात, आणि हे स्नायू मनात आणून हलवणं फार थोड्यांना जमतं. ग्लिसरीन घालून डोळे भरता येतात, भुवया नाही. म्हणून खोटं रडणारा नट तोंड वाकडं करतो आणि कपाळ इस्त्री केल्यासारखं राहतं.

इथं आमच्या भागाला जरा मिरवायला जागा आहे. सुलोचनाबाई लाटकर 1928 साली चिकोडीजवळच्या खडकलाटला जन्मल्या आणि कोल्हापुरात दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या हाताखाली तयार झाल्या. पुढे मराठी-हिंदी पडद्यावर त्यांनी किती लेकरांची आई व्हावं! त्यांचं रडणं नीट बघा. आधी त्या रडायचं नाही असं ठरवतात. ओठ मिटतात, आवंढा गिळतात, पदराचं टोक तोंडाशी जातं, एखादं वाक्य हसत म्हणायचा प्रयत्न होतो आणि शेवटच्या शब्दाला आवाज फुटतो. लेकीला निरोप देणारी आमच्याकडची कुठलीही बाई हेच करते. गाडी वळेपर्यंत धीर धरते, मग दाराच्या कडीला धरून उभी राहते. समोरची बाई रडू आवरते आहे म्हटल्यावर तिच्या वाटचं रडायचं काम आपल्यावर येतं.

अर्थात आवरलेलंच चांगलं, असा नियम करायला मी धजणार नाही. 1991 चा 'माहेरची साडी' मी निपाणीच्या थेटरात बघितला. आवरणं वगैरे काही नाही. अलका कुबल मोकळेपणानं रडत होत्या, आणि बाहेर पडणाऱ्या बायकांच्या हातातले रुमाल ओले पिळून निघाले होते. त्यातल्या निम्म्या जणी स्वतःची सासरं आठवून रडल्या असणार. आमच्या मागच्या रांगेत एक आजी तर हेल काढून, शब्द घालून रडत होत्या, आणि कुणी त्यांना गप्प केलं नाही.

दुपारी सुलोचनाबाईंचा जुना सिनेमा लागला की आत्या आवाज बंद करायला सांगत नाही. "आमच्या खडकलाटची," एवढं म्हणते आणि पदर नाकाला लावते.