कोपीतल्या बाळाचा दंड

दिवाळी झाली की नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कित्येक पावरा-भिल्ल कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात, काही वीटभट्ट्यांवर जातात. पुष्कळ जण परततात ते होळीला. मधल्या काळात मूल गावच्या अंगणवाडीत नसतं आणि जिथं असतं तिथल्या यादीत त्याचं नाव नसतं. पालावर, म्हणजे या मजुरांच्या कोप्यांच्या (झोपड्यांच्या) वस्तीवर, गेलेल्या परिचारिकेनं म्हणूनच, हे मूल पुन्हा दिसणार नाही असं धरून काम करावं.

वजनकाटा वाहून न्यावा लागतो, दंडाचा घेर मोजायची दंडपट्टी खिशात मावते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात कोपरात काटकोनात दुमडून खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडून खुणेवर पट्टी गुंडाळायची. ११.५ सेंमीच्या खाली तीव्र कुपोषण, तिथून १२.५ च्या आत मध्यम. थंडीत बाहीवरूनच माप घेतलं की दंड जाड भरतो, पट्टी आवळली की बारीक.

दंड ठीक भरला तरी पाय बघायचेच. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी काहीही सांगो, हे तीव्र कुपोषण. मूल पोषण पुनर्वसन केंद्रात गेलंच पाहिजे. ही सूज सहसा दुखत नाही. हात-पाय सुजलेत, गरम लागतात आणि शिवलं तरी मूल किंचाळतं, तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करा. सातपुड्यात ही शंका आधी यायला हवी.

तीव्र कुपोषित मुलाला लोहाचं औषध लगेच सुरू करू नये. रक्त कमी दिसतं म्हणून मोह होतो, पण सुरुवातीला लोहानं जंतुसंसर्ग बळावू शकतो. भूक परतून वजन वाढू लागल्यावर, साधारण दुसऱ्या आठवड्यात, ते द्यायचं.

जुलाबात ओआरएससोबत झिंक १४ दिवस: सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०. जुलाब थांबले की आई गोळ्या बंद करते. सगळ्या गोळ्या एकदमच हातात द्या, पहिली तिच्यासमोर चमच्यात विरघळवून पाजा.

लसीचे डोस चुकले तर उरलेल्यापासून पुढे जायचं, पुन्हा पहिल्यापासून नाही. त्यासाठी कार्ड लागतं, आणि कोपीत कागद टिकत नाही. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, फोटो बापाच्या फोनमध्ये काढा. मुकादमाच्या नको, तो पुढच्या हंगामात बदलतो.