लोखंडी पंजापासून एका बटणापर्यंत: हात साथ देत नसतील तेव्हाच्या साधनांची पार्श्वभूमी

हात निकामी झाला तर काय करायचं, याला जुन्या काळी एकच उत्तर होतं: नवा हात घडवायचा. ग्योट्स फॉन बर्लिखिंगन या जर्मन सरदाराने १५०४ च्या लढाईत हात गमावल्यावर लोखंडी हात करून घेतला. त्याची बोटं वाकवली की खटक्यात अडकायची आणि बटण दाबलं की सुटायची. चारशे वर्षांनी, १९१२ मध्ये, डेव्हिड डॉरन्स याने हाताच्या जागी बसणाऱ्या दुभंगलेल्या आकड्याचं, म्हणजे हुकचं, पेटंट घेतलं. लाकूडगिरणीतल्या अपघातात त्याचा स्वतःचा हात गेला होता. खांद्याच्या पट्ट्याला जोडलेली दोरी ताणली की आकडा उघडतो, रबराच्या ताणाने मिटतो. हाताशी त्याचं काडीचंही साम्य नाही, पण काम चोख करतो. या धाटणीचे आकडे आजही वापरात आहेत.

पण ज्यांचा हात शाबूत आहे आणि तरी हलत नाही, त्यांना आकड्याचा काय उपयोग? मानेजवळ मज्जारज्जूला इजा झालेले रुग्ण पूर्वी फार काळ जगतच नसत. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रतिजैविकं आली, शुश्रूषा सुधारली. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी खास विभाग उभारला. पोलिओच्या साथींनीही अशा माणसांची संख्या वाढवली. जीव वाचला, पुढे अनेक वर्षांचं आयुष्य होतं आणि दिवा लावायलाही दुसऱ्याला हाक मारावी लागत होती.

त्याच रुग्णालयात १९६० च्या सुमारास रेज मेलिंग यांनी ‘पॉसम’ हे यंत्र तयार केलं. तोंडातल्या नळीतून हवा ओढायची किंवा फुंकायची. त्यावर घंटा, दिवा, रेडिओ आणि पुढे टाइपरायटरही चालू लागला. माझ्या मते या इतिहासातलं खरं वळण हेच. हाताची नक्कल करण्याचा हट्ट सुटला आणि या माणसाची कोणती हालचाल अजून भरवशाची आहे, हे आधी पाहिलं जाऊ लागलं.

एका हालचालीत सगळी अक्षरं कशी मावतात? पडद्यावर अक्षरांचा तक्ता असतो आणि उजेड एकेका ओळीवरून सरकत जातो. हवी ती ओळ आली की बटण दाबायचं. मग उजेड त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकतो, पुन्हा दाबायचं. वारंवार लागणारी अक्षरं वरच्या कोपऱ्यात ठेवतात, म्हणजे वाट कमी पाहावी लागते. क्षणभर उशीर झाला की उजेड पुढे गेलेला असतो, मग अख्खी फेरी पुन्हा. स्टीफन हॉकिंग १९८५ मध्ये वाचा गेल्यावर असाच प्रोग्रॅम वापरू लागले. हॉकिंग यांना मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू घालवणारा, आजार होता. तो प्रोग्रॅम वॉल्ट वोल्टोझ यांनी त्याच आजाराने ग्रासलेल्या आपल्या सासूबाईंसाठी लिहिला होता. सुरुवातीला हॉकिंग हातातल्या बटणाने मिनिटाला १५ शब्दांपर्यंत मजल मारत. हात थकल्यावर गालाची हालचाल टिपणारा सेन्सर आला, पण शेवटच्या वर्षांत वेग मिनिटाला एखाद्या शब्दावर आला.

संगणक घरोघरी आले तेव्हा अडचण भलतीकडेच निघाली. तोंडात काठी धरून टाइप करणारा माणूस कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकदम दाबणार कसा? अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं. कळा एकामागून एक दाबल्या तरी एकत्र धरल्या जातील, अशी ‘स्टिकी कीज’ची सोय झाली. ‘विंडोज ९५’ मध्ये ती आतच बसवलेली होती, वेगळे पैसे मोजायची गरज नव्हती. शिफ्ट पाच वेळा दाबली की उगवणारी आणि बहुतेकांना वैताग आणणारी खिडकी, ती हीच.

स्वयंपाकघरातली कथा त्यामानाने छोटी. संधिवाताने त्रासलेल्या पत्नीला सालकाढणं धरवेना, म्हणून सॅम फार्बर यांनी जाड, मऊ मुठीची अवजारं काढली. १९९० मध्ये ती ‘ऑक्सो’ नावाने बाजारात आली आणि धडधाकट हातांनीही उचलली.

आवाजावर टाइप करणंही त्याच वर्षी विकत मिळू लागलं, पण ‘ड्रॅगन डिक्टेट’ला प्रत्येक शब्दानंतर थांबावं लागे. सलग बोललेलं टिपणारी आवृत्ती १९९७ मध्ये आली. २००४ मध्ये मेंदूत बसवलेल्या सेन्सरने संगणकाचा कर्सर हलवण्याचा प्रयोग ‘ब्रेनगेट’च्या चमूने एका रुग्णावर सुरू केला. बातम्या त्याच्याच जास्त झाल्या. मला मात्र व्हिडिओ गेम खेळण्यासाठीचा २०१८ चा ‘एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर’ अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याच्या मागच्या बाजूला ३.५ मिलिमीटरची १९ भोकं आहेत. साधी सहायक बटणं वर्षानुवर्षं त्याच मापाच्या पिनेची असल्याने हनुवटीखालचं किंवा पायाशी ठेवलेलं जुनं बटणही थेट जोडता येतं.

आवाजाने सगळं भागेल असं वाटत असताना बटण मागे पडलेलं नाही. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) असो वा मोटर न्यूरॉनचा आजार, हाताबरोबर अनेकदा बोलणंही अडखळतं. शिवाय सकाळी जमणारी हालचाल संध्याकाळी थकव्याने जमेनाशी होते. त्यामुळे बटण कुठे आणि कोणत्या कोनात बसवायचं, यावर थेरपिस्टचा बराच वेळ जातो. ते थोडं जरी सरकलं, तरी जोडलेलं महागडं यंत्र तसंच पडून राहतं.